फेब्रुवारीत गाईपुढे, जुलैत शंभराच्या वर: एका सांदवाडीतल्या टोमॅटो-वांग्यांचं प्रकरण

प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या एका घराचं आहे, माझ्या मामीचं. घरामागे सांदवाडी, म्हणजे परसबाग, साधारण तीनचारशे चौरस फूट, जमीन काळी, कडेला विहीर, आणि घरात आता माणसं दोनच, मामा आणि मामी, पोरं पुण्याला नोकरीला. मामीचा हात शेतीतला, तिने बी टाकलं आणि आलं नाही असं सहसा होत नाही, आणि प्रॉब्लेम खरं तर तिथूनच सुरू झाला.

2023 च्या फेब्रुवारीत तिच्याकडे टोमॅटो, वांगी, वालाच्या शेंगा आणि मेथी हे सगळं एकदम तोडणीला आलं, रोजची टोपली भरून. शेजारी द्यावं तर शेजारच्या सांदवाडीतही तेच पिकलेलं, बाजारात न्यावं तर चार-पाच किलोसाठी तालुक्याला कोण जाणार, तिकिटाचे पैसेही निघत नाहीत. फोन केला की पहिलं वाक्य तेच, "एवढ्या भेदराचं (म्हणजे टोमॅटोचं) आता काय करू बाप्पा?" शेवटी बरेचसे टोमॅटो गाईपुढे गेले आणि वांगी झाडावरच जून होऊन पिवळी पडली.

मग त्याच वर्षीचा जुलै. आठवत असेल सगळ्यांना, देशभर टोमॅटोचे भाव भडकले होते, किरकोळ बाजारात किलोला शंभराच्या वर गेले, काही शहरांत तर दोनशेच्याही. मामी पाव किलो, पाव किलो असे आणायची. फेब्रुवारीत गाईने नाक मुरडेपर्यंत टोमॅटो आणि जुलैत वरणात टाकायला दोन मोजून, हे तिच्या मनाला फार लागलं. पैशांचं तेवढं नाही म्हणाली, आपण कष्टाने पिकवलेलं आपल्याच तोंडात पडलं नाही याचं वाईट वाटतं. मला ते अगदी पटलं, आणि म्हणूनच पुढच्या हंगामात नेमकं काय केलं ते नीट लिहून ठेवतेय, कारण हीच स्थिती मी निदान आणखी चार-पाच घरांत तरी बघितली आहे.

गाडी अडत कुठे होती

पहिली गोष्ट म्हणजे लावणी. पोळा झाला की मामी एकाच वाफ्यात सगळी रोपं टाकायची आणि नवरात्राच्या आसपास एकाच दिवशी सगळं लावून मोकळी व्हायची. एकाच दिवशी लावलेलं एकाच वेळी पिकणार, त्यात नवल काय. टोमॅटोला रोप लावल्यापासून साधारण 60-70 दिवसांनी फळं सुरू होतात आणि पुढे दीडदोन महिने जोर असतो, म्हणजे डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी नुसता पूर, आणि नंतर काही नाही. मार्चअखेरीस ऊन 35 अंशांच्या वर गेलं की टोमॅटोची फुलं गळायला लागतात, परागकणच नीट तयार होत नाहीत, फूल दिसतं पण फळ धरत नाही. आणि आमच्याकडचा मे म्हणजे 45 अंश, त्यात तुम्ही कितीही पाणी घाला, टोमॅटो काही धरत नाही. जूनमध्ये पाऊस पडून नवं लावलं तर ते हाताशी येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो. म्हणजे तीन महिने नको नको होईल इतकी भाजी आणि एप्रिल ते जुलै जवळजवळ कोरडं.

दुसरं, झाडांची संख्या. दोन माणसांना वांग्याची बारा झाडं! एक निरोगी झाड हंगामात सहज दोन-तीन किलो वांगी देतं, आता करा हिशोब. पण पोरं घरी होती, सालदार होता, पाहुणेरावळे होते तेव्हाची सवय, हात आपोआप तेवढीच रोपं लावतो. ही सवय मोडणं सगळ्यात अवघड गेलं, आणि त्यात तिची चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही. भरलेलं घर रिकामं झालं तरी वाफा भरलेलाच हवा असं वाटणं साहजिक आहे.

तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. टिकवायचं काम ती नेहमी उरलेल्या मालावर करायची. चांगलं चांगलं खाल्लं, वाटलं, आणि मऊ पडलेले, डाग लागलेले टोमॅटो "चला याची प्युरी करू" म्हणून बाजूला. असं साठवलेलं टिकत नाही. त्याआधीच्या वर्षी तिने टोमॅटोचा रस काढून, उकळून, थंड करून मग बाटल्यांत भरला होता, आठवड्याभरात बाटल्या फुगल्या आणि एकाचं झाकण उडून फळीवरची तांदळाची कोठी रंगली. मऊ फळात जंतू आधीच जास्त असतात, त्यात रस थंड झाल्यावर भरला म्हणजे भरतानाच हवेतलं यीस्ट आत गेलं, मग तो आंबणारच.

काय बदललं

दिवाळीत आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मामीला उलटं विचारायला सुरुवात केली, काय लावायचं ते नंतर, आधी कुठल्या महिन्यात स्वयंपाकघरात कशाची ओढाताण होते ते सांग. तिने सांगितलं आणि मामाने प्रत्येक महिन्याच्या चौकटीत पेनाने लिहिलं. एप्रिल-मे मध्ये हिरवी भाजी नाही. जून-जुलैत टोमॅटो नाही, भाजीच नाही, नुसतं बेसन आणि डाळी. आषाढात पाऊस लागला की बाजाराला जाणं नको वाटतं. मग मागे मोजत आलो की जुलैत जे पाहिजे ते मार्चपर्यंत वाळलेलं हवं, म्हणजे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पिकायला हवं, म्हणजे रोप डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागायला हवं. बरणीत काय जाणार हे लावणीच्या दिवशी ठरतं, हे मामीला त्या कॅलेंडरवर दिसलं आणि मग तिला मी काही समजवायची गरजच उरली नाही.

पहिला लॉट नवरात्रात लागलेलाच होता, त्यातली थोडी झाडं खायला ठेवली. डिसेंबरात दुसरा छोटा लॉट फक्त वाळवायला. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे हवा एकदम कोरडी असते, ऊन चढायला लागलेलं असतं पण झाड अजून फळ देत असतं, वाळवणासाठी याच्यासारखा टाइम नाही. डिसेंबर-जानेवारीत ऊन असतं पण कोवळं, आणि संध्याकाळी दव पडतं, त्यात टोमॅटोसारखी पाणीदार गोष्ट चार दिवसांत वाळत नाही आणि मध्येच बुरशी धरते.

या उशिराच्या टोमॅटोला पांढरी माशी त्रास देते, ती पानं गुंडाळणारा व्हायरस आणते आणि मग झाड खुरटं राहतं. मामीने 5 टक्क्यांचा निंबोळी अर्क ठेवला, म्हणजे 50 ग्रॅम निंबोळीचा भरडा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायचा, आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी फवारायचा. शिवाय पिवळे चिकट कागद. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेची अर्का रक्षक ही जात पर्णगुच्छ (हाच तो पानं गुंडाळणारा रोग), मर आणि करपा या तिन्हींना बऱ्यापैकी दाद देत नाही, पण ती हायब्रीड आहे, तिचं बी घरी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड येत नाही, आणि मामीला स्वतःचं बी धरायची आवड, म्हणून तिने अर्धी गावरान आणि अर्धी ती असं केलं. मला हे योग्य वाटलं.

टोमॅटो वाळवताना

पूर्ण लाल पण टणक फळ घ्यायचं, गर जास्त आणि बी कमी असलेलं, लांबट जात असेल तर उत्तम. उभे दोन भाग, बिया आणि पाणी चमच्याने काढून टाकायचं (ते त्याच दिवशीच्या सारात जातं, वाया नाही), कापलेल्या बाजूवर बारीक मीठ भुरभुरायचं आणि बाजेवर जुनं सुती लुगडं अंथरून त्यावर कापलेली बाजू वर करून मांडायचं. बाज का, तर खालूनही हवा लागते, गच्चीच्या फरशीवर खालची बाजू घामाघूम होते. वर मच्छरदाणी. ॲल्युमिनियमचं ताट नको, आंबटपणाने ते काळं पडतं. ऊन उतरलं की सगळं घरात, कारण रात्रीची ओल दिवसाचं काम परत फिरवते.

इथे नुसतं "चार दिवस वाळवा" म्हणून चालत नाही, बोटाला विचारावं लागतं. दुसऱ्या दिवशी फळ चामड्यासारखं वाकतं, या टप्प्यावर खूप जण उचलतात आणि डब्यात भरतात, आणि महिन्याभरात पांढरी बुरशी. बाहेर ठेवायचं असेल तर वाकवल्यावर कट्‌ आवाज करून तुटायला हवं. टोमॅटोत 94 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून दहा किलोंची बाज शेवटी एका मध्यम बरणीत मावते, मामी तर पहिल्यांदा ते बघून हिरमुसलीच होती. पण ती बरणी म्हणजे दहा किलोंची चव आहे, पाण्याचं वजन फक्त गेलं. वाळलेलं लगेच भरायचं नाही, मोठ्या डब्यात आठवडाभर ठेवून रोज हलवायचं, काही तुकडे कमी वाळलेले असतात त्यांची ओल बाकीच्यांत वाटली जाते, आणि डब्याच्या आत जरा जरी दमटपणा दिसला तरी परत उन्हात. मग छोट्या छोट्या बाटल्या. मोठी बरणी पावसाळ्यात दर दोन दिवसांनी उघडली की आतला माल दमट होतो, पूड केली असेल तर ढेकूळ होतं.

त्या फेब्रुवारीत मध्येच अवकाळी आली, गारपीटही झाली विदर्भात बऱ्याच ठिकाणी. बाहेर असलेली एक बॅच भिजली. मामीने ती परत वाळवायच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी गूळ, तिखट, लसूण आणि मीठ घालून आटवून चटणी केली, ती फ्रीजमध्ये ठेवून संपवली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. अर्धवट वाळलेलं आणि भिजलेलं परत उन्हात टाकणं म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि बुरशीचा भाग काढून बाकीचं खाणं तर नकोच नको.

प्युरी मात्र यावेळी पद्धतशीर केली. टणक फळं, उकळून गाळून परत निम्म्यावर आटवली, लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस. हा रस चवीसाठी नाही. टोमॅटोचा आंबटपणा सीमेवरचा असतो, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं जास्त आंबट) 4.6 च्या खाली असला तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा, अन्नात जीवघेणं विष तयार करणारा जंतू वाढत नाही, पण काही टोमॅटो त्याच्या वरही असतात, आणि लिंबू घातलं की तो प्रश्न मिटतो. आणि थंड करून बाटलीत भरण्याऐवजी यावेळी गार झाल्यावर झिपच्या पिशव्यांत चपटी भरून फ्रीजरमध्ये आडवी रचली, पाहिजे तेवढा तुकडा मोडून घेता येतो. इथेच एक सांगते, इंटरनेटवर बघून वाल, मका, फरसबी अशा आंबटपणा नसलेल्या भाज्या बाटलीत पाणी घालून साध्या पातेल्यात उकळून वर्षभर बाहेर ठेवायचे प्रकार चालतात, ते करू नका. या जंतूची बीजं 100 अंशांच्या उकळीत मरत नाहीत आणि बंद बाटलीत हवा नसल्यामुळे ती खुशाल वाढतात, वास किंवा रंग बदलेलच असंही नाही. तेलात बुडवून बाहेर ठेवलेला कच्चा लसूण हाही त्याच जातीचा धोका.

वांगी

वांग्याची झाडं बारावरून पाचवर आणली, यासाठी बरीच घासाघीस झाली. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी आमच्याकडे हमखास येते, त्यावर मामीचा उपाय साधा, सुकलेला शेंडा दिसला की रोजच्या फेरीत तो अळीसकट खुडायचा आणि जाळायचा. झाडं पाच असली की हे होतं, बारा असली की राहून जातं.

खुला, म्हणजे वांग्याच्या वाळवलेल्या फोडी, करायला वांगं कधी तोडायचं याला महत्त्व आहे. साल चमकदार, अंगठ्याने दाबलं की खड्डा पडून परत वर येतो, तेव्हा. चमक गेली की बी कडक होतं आणि वाळल्यावर कडवट लागतं. अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या किंवा देठ न तोडता चार फाका, चिरल्या चिरल्या मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळ्या पडतात. मग उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं, गार पाण्यात काढून निथळून उन्हात. ही दोन मिनिटं बऱ्याच जणी टाळतात, आमची आजीही टाळायची, पण याने वाळवणाचा रंग आणि वास कितीतरी जास्त टिकतो, भाजीतली एन्झाइम्स गरम पाण्यात बंद पडतात. फाका दोऱ्यात ओवून माळ टांगली तर जागाही लागत नाही. एक किलो वांग्यांचे हातात येतात जेमतेम 80-100 ग्रॅम.

आणि आता खाण्याचं, कारण टिकवलेलं खाल्लं नाही तर सगळा खटाटोप फुकट. खुला गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या, हाताने हलके दाबून पाणी काढायचं. तेल नेहमीपेक्षा जरा सढळ, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कांदा चांगला लाल होईपर्यंत, मग तिखट, धने पूड, आणि भिजवून उकडलेली बरबटी (चवळी). खुला त्यात परतून, वाळलेल्या टोमॅटोचे चार तुकडे चुरून टाकायचे, भिजवलेलं पाणी थोडं घालायचं आणि झाकण ठेवायचं, शेवटी दाण्याचा कूट आणि सांबार (कोथिंबीर). ताज्या वांग्याच्या भाजीशी याची तुलना करू नये, ही वेगळीच भाजी आहे, दाताखाली थोडी चिवट, चव गडद. जुलैत पाऊस धो धो कोसळत असताना ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी आणि बाजूला तळलेली दह्यातली मिरची, मामा त्या दिवशी दोन भाकरी जास्त खातात.

त्या मिरच्याही तिथल्याच. जाडसर, कमी तिखट मिरच्यांना उभी चीर, मीठ, ओवा, थोडी मेथीपूड घातलेल्या घट्ट दह्यात रात्रभर, सकाळी ऊन, संध्याकाळी परत त्याच दह्यात, दही संपेपर्यंत असंच चार-पाच दिवस, मग कडकडीत वाळवायच्या.

बाकीचं थोडक्यात

तुरीचे सोले फ्रीजरमध्ये जातात. दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, फडक्यावर कोरडे करून ताटात पसरून गोठवायचे आणि मगच पिशवीत, म्हणजे गोळा होत नाही. लाइट गेली की फ्रीजर उघडायचा नाही, गच्च भरलेला असला तर दोन दिवस, अर्धा असला तर एक दिवस निघतो. पांढरं कोहळं देठासकट तोडून कोरड्या जागी ठेवलं तर काही न करताच महिनोन्‌महिने टिकतं, त्याला कशाला वाळवायचं, फक्त एका कोहळ्याच्या उडदाची डाळ घालून वड्या केल्या. मेथी सावलीत वाळवली, उन्हात पानं पिवळी पडतात. पालक वाळवून बघितला, त्याला चाऱ्यासारखा वास आला आणि कोणी खाल्ला नाही, तो प्रकार बंद. पत्ताकोबी लावणंच सोडलं, एक गड्डा दोघांना तीन दिवस पुरतो आणि हंगामात तो बाजारात स्वस्तच मिळतो.

रिकाम्या झालेल्या जागेत फेब्रुवारीच्या सुरुवातीला भेंडी, गवार आणि ढेमसं टाकलं. ही उन्हाची माणसं, त्यांना टोमॅटोसारखे लाड लागत नाहीत. मोरीचं पाणी पाटाने तिकडे वळवलं आणि ढेमशांवर जुन्या शेडनेटचा तुकडा बांधला. एप्रिलमध्ये रोज नाही पण एक दिवसाआड ताजी भाजी निघाली, मेच्या शेवटच्या पंधरवड्यात मात्र विहीर खाली गेली आणि गवार सोडून सगळं वाळलं.

2024 च्या पावसाळ्यात मामीने टोमॅटो विकत आणले नाहीत असं नाही, कोशिंबिरीला ताजाच लागतो. पण वरण, सार, रस्सा, भाजी हे सगळं बरणीवर निघालं. पूड ऑगस्टच्या मध्यात संपली, तोपर्यंत पावसाळी लॉटची पहिली फळं रंग धरत होती. यंदा तिने वाळवायच्या लॉटमध्ये चार झाडं वाढवली आहेत, आणि वांगी पाचाची सहा केली, मी त्यावर काही बोलले नाही.